शेपटीकडचा अर्धा भाग

ओहोटी लागली की आमच्या बेटावरच्या बायका दाताळं आणि बादली घेऊन वाळूवर उतरतात. पुरुष होड्या घेऊन बाहेर जाणार आणि त्यांच्या गळांना लावायची गांडुळं बायकांनी खणून काढायची. हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक, पण अजून एकाही पुरुषाने त्याबद्दल तक्रार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. डोक्याला रुमाल आणि तोंडावर काळ्या कापडाचा मुखवटा, त्याला डोळ्यांपुरती भोकं. वारा वाळू घेऊनच येतो. उघड्या तोंडाने गेलात तर घरी येईपर्यंत गाल सोलून निघतात. लांबून पाहिलं तर त्यातली कोण कोणाची, हे जन्मदात्या आईलाही ओळखता यायचं नाही.

मेरेते लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला त्या मुखवट्याची भीती वाटायची. ती पलीकडच्या मुख्य भूमीवरची, माळ्याची मुलगी. बिचारीने समुद्र पाहिला तो लग्नाच्या होडीतूनच. पहिल्याच हिवाळ्यात खणताना तिच्या दाताळ्याखाली एक गांडूळ मधोमध तुटलं. आमची गांडुळं बोटाएवढी जाड, रक्तही चांगलं लाल येतं त्यांना. मेरेतेने डोक्याकडचा भाग बादलीत टाकला आणि शेपटीकडचा हळूच टाचेने परत वाळूत दाबला.

"हे काय चाललंय?" सासूने विचारलं. सासूचं नाव सिद्सेल.

"राहू दे ना, आई. त्याला नवं डोकं फुटेल. माझे वडील सांगायचे, तोडलं की एकाची दोन होतात."

"तुझे वडील माळी आहेत. त्यांना गुलाब लावू दे." आजूबाजूच्या बायका मुखवट्यांआडून हसल्या. सिद्सेल मात्र हसली नाही. तिने खाली बसून तो तुकडा उकरून काढला आणि पक्ष्यांकडे भिरकावला. "डोक्याकडच्या भागाला शेपटी फुटते. शेपटीला डोकं फुटलेलं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. तुकडा वाळूत ठेवायचा नाही, समजलं?"

"का पण?"

"तो मरत नाही म्हणून."

मेरेतेने ते हसण्यावारी नेलं. घरी ओलुफला सांगितलं, तोही हसला. ओलुफ म्हणजे सिद्सेलचा एकुलता एक मुलगा, मेरेतेचा नवरा. भिंतीआड कुणी नसलं की तो तिला 'चिमणे' म्हणायचा. चारचौघांत कधी नाही, आईसमोर तर नाहीच. हे नाव त्या दोघांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्या शरदात ओलुफची होडी त्याच्यासकट बुडाली.

हिवाळा सरता सरता वाळूवर एक पाय सापडला. गुडघ्याखालचा, उजवा, लोकरीच्या मोज्यातला. मोज्याची टाच लाल होती. करडी लोकर संपली म्हणून मेरेतेने टाच लाल विणली होती आणि ओलुफ त्यावरून तिला चिडवायचा. त्यामुळे कुणाचा पाय, हा प्रश्नच उरला नाही. पाद्रीबाबांनी पेटी करवून घेतली आणि दफनाचा दिवस ठरवला.

पाय स्वयंपाकघरातल्या बाकावर चादरीत गुंडाळून ठेवला होता. दोघी बायका त्याच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. कॉफी कधीच गार झाली होती.

"आई," मेरेते म्हणाली, "हा पुरायचा नाही. वाळूत लावूया."

सिद्सेलने चादरीची घडी सारखी केली.

"मला काही नको. त्याने एकदा हाक मारली तरी पुरे. एकदाच..."

"शेपटीला डोकं फुटत नाही, मेरेते."

"तुम्ही पाहिलं नाही, एवढंच. तुम्ही कधी फुटू दिलंय का? प्रत्येक तुकडा पक्ष्यांना टाकलात."

मला विचाराल तर ते बोलणं दुःखाचं होतं, त्यात अक्कल शोधण्यात अर्थ नव्हता. पण समोर ओलुफची आईच बसली होती. सिद्सेल उठली आणि पायाऐवजी पेटीत भरायला वाळूचं पोतं घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी त्या पोत्यावर प्रार्थना म्हटली आणि आम्ही सगळ्यांनी टोप्या काढून माना खाली घातल्या.

पाय दोघींनी लांब, किनाऱ्यावरच्या जुन्या लाकडी खुंटाजवळ, ओल्या वाळूत लावला.

त्याच आठवड्यात मेरेतेने एक बरणी घेतली. तिच्यात वाळू आणि खारं पाणी भरलं आणि एका गांडुळाचा शेपटीकडचा अर्धा भाग सोडून ती खिडकीत ठेवली. रोज उठली की आधी बरणी बघायची. तुकडा खरंच मेला नाही. हलायचा, काचेला घासत वर यायचा, परत खाली जायचा. तुटल्या जागी फिकट, गुळगुळीत कातडी आली. बस, तेवढंच. आमचं गांडूळ वाळू खातं आणि वर वाळूची वेटोळी टाकतं. बरणीतली वाळू मात्र सपाटच राहिली. तोंडच नाही तर खाणार कशाने? वसंत आला आणि गेला. मेरेतेला कळून चुकलं की सासू खरं बोलत होती. खुंटाकडे जायचं तिने सोडून दिलं. त्यापेक्षा पाय पेटीत पुरला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायला लागलं, पण हे सासूला सांगायची तिची हिंमत होईना.

आता त्या दिवसाचं सांगतो. दुपारची ओहोटी होती. धुकं एवढं की स्वतःची बादली शोधावी लागत होती. बाकीच्या बायका आल्याच नाहीत. सिद्सेल आधीच निघून गेली होती. घरातल्या खुंटीवर सासऱ्यांचा जुना मेणकापडी कोट नव्हता, तिचा मुखवटाही नव्हता. मेरेते अंदाजाने चालत गेली. थोड्या वेळाने धुक्यात तो कोट दिसला. सासू वाकून वाळूत काहीतरी करत होती. मेरेते तिच्या शेजारी खणायला लागली.

वाळूला कुजक्या शेवाळाचा वास येत होता. पाणी कुठेतरी लांब बुडबुडत होतं. पक्ष्यांचा मात्र आवाज नव्हता.

"आई, मला काहीतरी बोलायचंय," मेरेते खणता खणता म्हणाली. तोंडाकडे न बघता बोलणं तिला सोपं गेलं. "आपलं चुकलं. माझं चुकलं. आपण तो काढून नीट पुरूया... पाद्रीबाबांना मी सांगेन. शिव्या मी खाईन."

शेजारचे हात नुसते वाळू चाचपत राहिले.

"आई?"

तेव्हा तिला सासूच्या हातात दाताळं नसल्याचं दिसलं. तिने खाली पाहिलं. कोटाखाली दोन पाय होते. उजव्या पायात करडा मोजा होता, भिजून कुजलेला, लाल टाचेचा. डावा पाय उघडा होता. नुकत्याच जन्मलेल्या लेकराचा असतो तसा गुलाबी, सुरकुत्या नसलेला, पण पुरुषाच्या मापाचा.

मेरेते ओरडली नाही. नंतर तिने मला सांगितलं की घाबरण्याआधी तिला आनंदच झाला होता, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटते. तिने हात पुढे केला आणि मुखवट्याची कड वर उचलली.

आत गुळगुळीत होतं. बरणीतल्या तुकड्याला आली होती तशी फिकट कातडी, कानापासून कानापर्यंत ताणलेली, आणि कानही नव्हते. ते तिच्या हाताकडे वळलं. गांडूळ ओलीकडे वळतं तसं, सावकाश.

ती धावत घरी आली तेव्हा सिद्सेल स्वयंपाकघरात बसली होती. अंगात कोट नव्हता. तिने टेबलावर तीन ताटल्या मांडल्या होत्या, राय धान्याची भाकरी कापून ठेवली होती.

"भेटला?" सिद्सेलने विचारलं.

"तुम्ही... तुम्ही त्याला कपडे घातलेत."

"थंडी असते. आणि लोक बघतील."

"आई, त्याला तोंड नाही."

"मान गेल्या महिन्यात आली," सिद्सेल म्हणाली. ती भाकरीला लोणी लावत होती. "तूच म्हणालीस ना, मी कधी फुटू दिलं नाही म्हणून? आता देतेय. वेळ लागतो."

"मला नकोय तो असा. मला ओलुफ हवा होता."

"मग आता कुठे टाकू त्याला? पक्ष्यांना?"

मेरेतेने दाराला आतून कडी घातली आणि रडत रडत बाकावर पडून राहिली. सासूने कडी काढली नाही, पण तिसरी ताटलीही उचलली नाही.

सकाळी धुकं तसंच होतं. मेरेते सवयीने उठून खिडकीशी गेली. रात्रभर ती एकच गोष्ट मनाशी घोकत होती: त्याला तोंड येणार नाही, आज ना उद्या आईलाही ते पटेल, मग आपण त्याला शांतपणे पुरू. तिने बरणीवरचं फडकं काढलं.

वाळूवर वेटोळं पडलेलं होतं. ताजं, ओलं, नीट गुंडाळलेलं.

ती ते बघत उभी असतानाच दाराच्या खालच्या फटीजवळ काहीतरी घासलं गेलं. आणि बाहेरून कुणीतरी हाक मारली. आवाज ओलुफचा नव्हता. तो कुणाचाच नव्हता. जाड, ओला, बोलायला नुकतंच शिकत असल्यासारखा.

"चि... म... णे..."

मागे सिद्सेल खुर्चीवरून उठली. "हे कोणाला म्हणतोय तो?" ती कडीकडे जाता जाता म्हणाली.