तीनशे बारा माड

शिरवणे बंदरावर त्या सकाळी आकाश घासलेल्या ताटासारखे लख्ख होते. वारा इतका बेताचा, की दोरीवर वाळत घातलेली जाळीसुद्धा हलत नव्हती. तरीही धक्क्याच्या टोकाला उभ्या असलेल्या बावट्याच्या हातात लाल बावटा होता, आणि काही केल्या तो खाली येत नव्हता.

बावट्या हा यंत्रमानव. उंचीने दहा वर्षांच्या मुलाएवढा, छातीवर गोल काचेची तबकडी, आणि एक हात दुसऱ्यापेक्षा बराच लांब. पूर्वी वादळाची सूचना आली की बंदरावर माणसे बावटा चढवत. आता ते काम हा करतो, म्हणून गावाने त्याला हे नाव दिले. होड्या उन्हावर चालायला लागल्या, धक्क्यावरचा डिझेलचा वास गेला, पण एक नेम मात्र बदलला नव्हता. लाल बावटा वर असेल तर शिरवण्याची एकही होडी पाण्यात उतरत नाही.

होड्या वाळूवर बसून होत्या त्याला आता तिसरा दिवस होता. शेवटी मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष वैजयंतीमावशी खवणेकर इरावती आणि तिचे विश्रामआजोबा यांच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

“विश्रामकाका, तुमच्या धाकट्या नातवाला काय झालंय?” त्यांनी विचारले. बावट्या विश्रामआजोबांनी बनवलेला, म्हणून मावशी त्याला त्यांचा नातूच म्हणत.

आजोबांनी सारे आयुष्य हवामानाच्या अभ्यासात घालवले होते. पण हे कोडे त्यांनाही उलगडत नव्हते. मावशींनी सांगून टाकले की संध्याकाळपर्यंत कारण सापडले नाही, तर बावट्याला गोदामात ठेवायचे आणि जुना भोंगा पुन्हा बसवायचा. जाता जाता त्या थांबल्या. आवाज जरा उतरला.

“राग आलाय म्हणून नाही म्हणत, काका. हा उगाच बावटा लावतो असं एकदा पोरांच्या मनात बसलं, की खरं वादळ येईल तेव्हाही कुणी थांबणार नाही. मला त्याची धास्ती वाटते.”

दाराआडून इरावती हे ऐकत होती. बावट्याने गोदामात जावे असे तिला मुळीच वाटत नव्हते. पण आणखी एक गोष्ट होती, ती तिने बावट्याखेरीज कुणालाच सांगितली नव्हती. बावटा खाली यायलाच नको, असे तिला वाटत होते. बावटा खाली आला की बाबांची होडी पाण्यात जाणार होती.

“चल इरू,” आजोबा म्हणाले. “दुखणं कुठं आहे ते बघू.”

धक्क्यावर पोहोचल्यावर त्यांनी आधी बावट्याच्या पाठीवरचे झाकण उघडले. आत वायुदाबमापक (हवेचा भार मोजणारे यंत्र) होता. वादळ जवळ आले की हवेचा भार एकदम उतरतो. इथे तर काटा आपल्या जागी स्वस्थ बसला होता. वाऱ्याचे चक्र ठीक होते. राहता राहिला तरंगक (समुद्रात नांगरून ठेवलेली, लाटा आणि वारा मोजणारी पेटी). पण तो साफसफाईसाठी किनाऱ्यावर काढून ठेवला होता, आणि शेवाळ खरवडायचे काम अजून चालूच होते.

“बावट्या, वादळ कुठं आहे?” आजोबांनी विचारले.

“सगळीकडे,” बावट्या म्हणाला. “तीनशे बारा माड पडले आहेत. अजून पडत आहेत.”

आजोबांनी किनाऱ्याकडे पाहिले. माड ताठ उभे होते. एका माडावर तर बुलबुल बसला होता.

“हे तुला कुणी सांगितलं?”

बावट्याने मान वळवून इरावतीकडे पाहिले. त्याला लपवाछपवी येत नव्हती. इरावतीने खाली मान घातली आणि मग हळूहळू सगळे सांगितले. तरंगक काढल्यापासून बावट्याला दुरून काहीच ऐकू येत नव्हते. तो एकटा पडला असेल असे वाटून ती रोज शाळा सुटल्यावर त्याला सोसायटीच्या हॉलमध्ये नेऊन टीव्हीसमोर बसवत होती. पूर्वेकडच्या किनाऱ्यावर मोठे वादळ आले होते आणि सगळ्या वाहिन्यांवर तेच चालू होते. दोघे शेजारी बसून ते बघत. पावसात भिजलेला बातमीदार ओरडायचा आणि त्याच्यामागे माड पडायचा.

“तुला भीती वाटत होती?” आजोबांनी विचारले.

“एकटीला जास्त वाटत होती,” ती म्हणाली.

आजोबा रागावले नाहीत. बावट्याने पाहिलेली चित्रे त्यांनी त्याच्या छातीवरच्या काचेवर मागवली. एक माड वाकला, मोडला, निळ्या छपरावर पडला. पुढचे चित्र आले. माड वाकला, मोडला, निळ्या छपरावर पडला. त्याच्या पुढच्यातही छप्पर निळेच.

पाचव्यांदा माड पडला तेव्हा इरावती पुटपुटली, “आजोबा, हा तर तोच माड आहे.”

“तुला दिसलं. त्याला दिसलं नाही,” आजोबा म्हणाले. “आणि त्यात माझीही चूक आहे. तरंगक नसेल तेव्हा काय करायचं, तर ज्या बाजूला साक्षीदार जास्त त्यांचं ऐकायचं, असा नियम मीच याला घालून दिला. एक वायुदाबमापक सांगतोय वादळ नाही. तीनशे बारा माड सांगतायत आहे. तो कुणाचं ऐकणार?”

जवळच बर्फाच्या पेट्यांशेजारी रिकाम्या टोपल्या रचल्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून आजोबांनी विचारले की लिलावाच्या वेळी मोजलेल्या टोपलीवर माणसे काय ठेवतात. हे शिरवण्यातल्या लहान मुलालाही ठाऊक होते. मोजून झालेल्या प्रत्येक टोपलीवर माडाच्या झावळीचे एक पाते ठेवतात, म्हणजे तीच टोपली कुणी पुन्हा मोजत नाही.

“टीव्हीवरच्या बातमीवर पातं ठेवायला कुणी नसतं,” आजोबा म्हणाले. “म्हणून तीच टोपली पुन्हा पुन्हा समोर येते, आणि आपल्याला वाटतं, बापरे, केवढी मासळी. माहिती म्हणजे काय, ठाऊक आहे? जे ऐकल्यावर आपल्याला आधीपेक्षा काहीतरी जास्त कळतं, ते. माड पहिल्यांदा पडला ती माहिती. दुसऱ्यांदा दिसला ती पुनरावृत्ती (तेच पुन्हा येणे). त्यानं कळत काहीच नाही, भीती मात्र वाढते.”

इरावती विचारात पडली. “मग टीव्हीवाल्यांनी वादळ दाखवायलाच नको का?”

“असं कसं? वादळ कधी येणार, कुठं येणार, निवाऱ्याला कुठं जायचं, हे तिथल्या माणसांना सांगायलाच हवं. दर तासाला ते बदलत असेल तर दर तासाला सांगावं. पण नवं काही हाती नसताना तोच माड दाखवत बसायचं, हे जास्त झालं. आणि बातम्यांतही होडीसारखी जागा असते तेवढीच असते. सगळ्या टोपल्यांत एकच मासळी भरली, तर बाकीची पाण्यातच राहते.”

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कॅमेरा पडलेल्या माडाकडे जातो. जे हजारो माड उभेच राहिले त्यांच्याकडे कुणी नेत नाही. दिसतो तो फक्त नमुना (थोडक्यावरून सगळ्याचा अंदाज यावा म्हणून घेतलेला भाग), आणि तोही निवडून घेतलेला. त्यावरून सगळा किनारा आडवा झाला असे समजले, तर अंदाज चुकणारच.

“बावट्या,” इरावती त्याच्यासमोर उकिडवी बसली, “आता प्रत्येक चित्रावर पातं ठेव. छप्पर तेच असेल, माड तोच असेल, तर मोजायचं नाही.”

बावट्याच्या काचेवर चित्रे सरसर पळू लागली. इरावतीला ओठ चावत वाट बघावी लागली.

“सात माड,” तो शेवटी म्हणाला. “सगळे पूर्व किनाऱ्यावर. आणि एक बातमी एकदाच आली होती. वादळाच्या आधीच किनाऱ्यावरची सगळी माणसं निवाऱ्यात पोहोचली. सगळी सुखरूप आहेत.”

इरावती त्याच्याकडे बघतच राहिली. इतके तास ती टीव्हीसमोर बसली होती, पण ही बातमी तिने ऐकलीच नव्हती. आदल्या दिवशी तर त्या निळ्या छपराखालच्या माणसांचे काय झाले असेल, या विचाराने तिला जेवणही गेले नव्हते.

“मग आता आपल्याकडे?” आजोबांनी विचारले.

“वायुदाब स्थिर. वारा मंद. वादळ नाही,” बावट्या म्हणाला. पण त्याचा लांब हात वरच राहिला. त्याने इरावतीकडे पाहिले. “इरूला बावटा वर हवा आहे.”

आजोबा वाळूवरच्या होड्यांकडे बघत राहिले. तिथे इरावतीचे बाबा पाठमोरे बसून, आधीच दुरुस्त केलेले जाळे पुन्हा तपासत होते.

इरावती उठली. बावट्याच्या हातावर तिने आपला हात ठेवला. “जेव्हा खरंच येईल तेव्हा तू मला सांगशील ना?”

“सांगेन.”

“मग आता खाली घे.”

दोघांनी मिळून बावटा उतरवला. वाळूवर एकदम गलका झाला. वैजयंतीमावशी पदर खोचत आल्या, आजोबांकडून सगळे ऐकून घेतले, आणि बावट्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणाल्या, “टीव्ही बघून बिघडलास होय रे? घरोघरी तेच.” गोदामाचा विषय पुन्हा निघाला नाही. बाबांची होडी पाण्यात गेली तेव्हा इरावती ती ठिपक्याएवढी होईपर्यंत बघत राहिली. थोडी भीती अजूनही वाटत होती, पण आता त्या भीतीचे माप तिला कळत होते.

दुपारी तरंगक घासूनपुसून पुन्हा समुद्रात सोडला, आणि बावट्याचे कान परत आले. आजोबांनी जुना नियम काढून नवा घातला. साक्षीदार किती, यापेक्षा ते वेगवेगळे किती, हे आधी बघायचे. हाच नियम किनाऱ्यावरच्या सगळ्या बंदरांतल्या यंत्रमानवांना शिकवायचा, आणि जमले तर बातम्या देणाऱ्यांनाही, असे त्यांनी इरावतीला बोलून दाखवले. तिने आपणही मदत करणार म्हणून तेव्हाच सांगून ठेवले.

ऊन कलले तेव्हा ती बावट्याशेजारी पाय सोडून बसली होती. त्याची काच उजळली.

“नवी माहिती,” तो म्हणाला. “इरूच्या बाबांची होडी खाडीच्या तोंडाशी आली.”

तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, “पुन्हा सांग.”

“ही आता पुनरावृत्ती होईल.”

“होऊ दे. सांग.”

बावट्याने तेच वाक्य पुन्हा सांगितले, आणि तिने न सांगता आणखी एकदा.