झारीतला पाऊस

"विकलेला मासा परत घेत नाही," टाकीची काच पुसता पुसता ती म्हणाली. मान वर करायचीही तसदी घेतली नाही.

"परत द्यायला नाही आलो. स्थळ घेऊन आलोय."

तिच्या हातातलं फडकं धप्पकन टाकीत पडलं. दारात एक उंच तरुण उभा होता. दोन्ही हातांनी त्याने एक फुगीर पिशवी तान्ह्या बाळासारखी धरली होती. गल्ल्यावरच्या बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. स्थळ? असं भर दुकानात?

"मुलगी ती," त्याने दर्शनी टाकीकडे मानेने खूण केली. "आणि हा मुलगा."

पिशवीत बोटाएवढा मासा होता. चंदेरी अंग, त्यावर डोळ्यापासून निघालेली लाल रेघ… अगदी तिच्या टाकीतल्या मादीसारखी. तिला हायसं वाटलं. आणि हायसं का वाटलं, म्हणून स्वतःचाच थोडा रागही आला.

तो मत्स्यसंवर्धन केंद्रात काम करायचा. एका हौशी माणसाने दिलेला हा नर घेऊन तो गाडी गाठायला निघाला होता, तेवढ्यात दुकानाच्या काचेतून त्याला मादी दिसली. हा मासा एकाच नदीतला. देखणा, म्हणून दुकानांसाठी जाळी लागली आणि नदी रिकामी झाली. केंद्रात नर होते, मादी मात्र एकही उरली नव्हती.

"तुमच्यासारख्या दुकानांनीच वाट लावली," तो म्हणाला.

"मग सोयरीक जुळवायला आमच्याच दारात कशाला आलात?"

तो हसला. हसताना भलताच बरा दिसला. हा माणूस भांडायला आलाय की… तिला काही उमगेना.

"अंडी झाली तर खुशाल घेऊन जा," बाबा म्हणाले. "नाही झाली तर तुमचा नर तुम्हाला. मादी मात्र हिची आहे. हिलाच विचारा."

त्याने जवळच एक खोली घेतली आणि दुकानात रोज संध्याकाळी पाऊस पडू लागला. नदीवर गार सरी आल्या की हे मासे अंडी घालतात. म्हणून तो स्टुलावर चढून झारीने टाकीत पाणी शिंपडायचा आणि ती खालून भरलेली झारी द्यायची.

"भिजलात?" तो विचारायचा.

"नाही."

"थांबा, भिजवतो."

तिसऱ्या संध्याकाळी नर मादीच्या मागे लागला. तिला कोपऱ्यात गाठून पोटाला ढुशा देऊ लागला. हातातली झारी टाकून तिने टाकीत दोघांच्या मधे एक काच सरकवली.

"छळतोय तो तिला!"

त्याने माशांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं… "हं. असेल," म्हणाला आणि मुकाट्याने स्टुलावरून उतरला.

दुसऱ्या दिवशी मादी त्या काचेला नाक लावून वरखाली फिरत होती. ही भीती नव्हे, ओढ होती. इतक्या माशांची पिल्लं वाढवलेल्या तिला हे कळायला वेळ लागला नाही. तरी हात काच उचलेना. अंडी झाली तर तो जाणार. नाही झाली तरी आज ना उद्या जाणारच. काच आहे तोवर मात्र पाऊस आहे. मला मासे वाचवायचेत की संध्याकाळ? तिचा नुसता गुंता झाला होता.

मग एका सकाळी मादीचं पोट टम्म फुगलेलं दिसलं. अंडी अशीच अडकली तर ती जगायची नाही. तिला स्वतःची लाज वाटली. तिने काच उचलली.

संध्याकाळी तो आला आणि नेहमीसारखी झारी भरू लागला.

"आज पाऊस नको," ती म्हणाली.

"का?"

तिने बोट दाखवलं. शेवाळात मोहरीएवढे पारदर्शक दाणे चमकत होते. नर-मादी शेजारच्या टाकीत होते, कारण या माशांना आपलीच अंडी खायची खोड. तो झारी घेऊन टाकीसमोर उकिडवा बसला. आधी चेहरा खुलला… मग हळूहळू उतरला.

"काच मी मुद्दामच राहू दिली होती," ती घाईघाईने म्हणाली. "ते भांडत नव्हते. मला कळलं होतं."

"मला तर पहिल्यापासून कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर… मी इथे कुठल्या निमित्ताने आलो असतो?"

"वा!" गल्ल्यावरून बाबा म्हणाले. "दोन शहाण्यांनी मिळून त्या मुक्या जिवांना विरहात ठेवलं!"

ती लाजेने लालेलाल झाली. तो उठून उभा राहिला, पण झारी काही हातातून सुटेना.

"पिल्लं पोहायला लागली की मी निघेन," तो चाचरत म्हणाला. "केंद्राला मादीही हवी आहे. द्याल?"

"तिला एकटीला नाही पाठवणार मी."

"एकटी कुठे? नर आहे की बरोबर."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. एवढा शिकलेला माणूस, आणि…

तिने त्याच्या हातातून झारी काढून घेतली, स्टुलावर चढली आणि सगळाच्या सगळा पाऊस त्याच्या डोक्यावर ओतला.

"म्हणजे…" पाणी निथळत होतं, डोळे मोठे झाले होते. "म्हणजे तू… तूही येणार?"

"अजून एक झारी भरून आणू का?"