पंख्यातली पिवळी धूळ

"हळू गं! तो स्क्रू हरवला तर आपलं काय खरं न्हाई!" रुद्र कुजबुजला. म्हणजे त्याच्या मते तो कुजबुजला. रुद्रचं कुजबुजणं हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात चार दुकानं पलीकडे ऐकू जायचं.

"तू आधी तोंड मिट," साक्षी म्हणाली. "आन् पुनम, तू शटरपाशी थांब. काका आले की खोक."

"पण मला खोकला कुठं झालाय?" पुनमने विचारलं.

साक्षीने कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा मान खाली घातली. तिच्यासमोर एक काळा, जाडजूड लॅपटॉप पालथा पडला होता. ती त्याचे स्क्रू काढत होती, आणि तेही चोरून, स्वतःच्या काकांच्या दुकानात!

धम्मानंदकाकांचं दुकान म्हणजे जुन्या लॅपटॉपांचा दवाखाना. कोणी नवा, चपटा लॅपटॉप घेऊन आलं की काका त्याला सरळ हिंगोलीचा रस्ता दाखवत. शहरातल्या दुकानदारांनी भंगारात काढलेले लॅपटॉप मात्र त्यांचे लाडके. त्यांना ते 'म्हातारे' म्हणत. "म्हाताऱ्याला लागतं काय? पंखा साफ, थंड ठेवायची थोडी पेस्ट, आन् वरचेवर इचारपूस!" असं ते सांगत. माणसांची विचारपूस करणं मात्र त्यांना कधी जमलं नाही.

साक्षी दोन वर्षांपासून त्यांच्याकडे राहत होती. आई वारली, आणि बाबा गुजरातेत रस्ते बांधायच्या मशीनवर होते. ते दिवाळीला येत आणि चार दिवसांत परत जात. उन्हाळ्याची सुट्टी लागली की वर्गातल्या मुली मामाच्या गावाला पळत. साक्षीला मामा नव्हता. मग ती दिवसभर दुकानात बसून ब्रशने पंख्यातली धूळ झाडायची. धूळ झाडताना आपण एकटे आहोत हे थोडा वेळ विसरता यायचं, फार वेळ नाही.

त्यात गेल्या आठवड्यात हे झालं. आडवाडीच्या शाळेचे कारकून उकंडराव गालात तंबाखू धरून जीपमधून उतरले आणि तीन मेलेले लॅपटॉप त्यांनी टेबलावर आदळले.

"धम्मानंद, दिवाळीत शाळेचे सहाही तू साफ केलेस. तवापासून शाळेच्या कपाटात कुलूपबंद! आन् आता तीन बंद? कसले डुप्लिकेट पार्ट घातलेस रे?"

त्यांनी हे बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. काकांनी त्या तिघांना हातसुद्धा लावला नाही. "ज्याला माझ्यावर इश्वास न्हाई, त्याच्या मशीनला मी हात लावत न्हाई," एवढंच ते म्हणाले. आदल्या रात्री मात्र साक्षीने त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकलं. "जयभीम सर. व्हय, शाळा उघडली की पोरीला तुमच्या वसतिगृहात आणतो. मी पुण्याला चाललो, कंपनीत कामाला."

 आई गेली, बाबा लांब, आणि आता काकाही! तिला ते दुकान, ते म्हातारे, काकांचं ते न बोलणंसुद्धा सोडून जायचं नव्हतं. सकाळी उठून ती शेजारच्या रुद्र आणि पुनमकडे गेली. एरवी ती त्यांच्याशी फारशी बोलत नसे. ही भावंडं पुढच्या आठवड्यात मामाकडे जाणार होती आणि तोवर घरी कंटाळून गेली होती. ती दोघं आली ती मजा म्हणून, हे साक्षीला कळत होतं. पण एकटीने करण्यापेक्षा ते बरं होतं.

शेवटचा स्क्रू निघाला. साक्षीने खालचं झाकण उचललं, पंख्याची जाळी सोडवली आणि टेबलावर आपटली.

भस्सकन पिवळी भुकटी पडली!

"आयला, हळद!" रुद्र ओरडला. आता तर कुजबुजायचंही तो विसरला.

"कशावरून?" पुनम जवळ आली. तिने वास घेतला आणि फटाफट तीन शिंका दिल्या. "हळदच हाय!"

साक्षीने दुसरा लॅपटॉप उघडला, मग तिसरा. तिन्ही पंखे पिवळ्या भुकटीने गच्च भरलेले! वारा जायला जागाच नव्हती. बिचारे म्हातारे तापून तापून बंद पडले होते.

"दिवाळीत हे पंखे मी सोता साफ केलेत," साक्षी सावकाश म्हणाली. "तवा करड्या धुळीशिवाय काय नव्हतं. मंग कुलूपबंद कपाटात हळद कुठून आली?"

"कपाटाचं लगीन असंल," रुद्र म्हणाला. "हळद लागली!"

पुनमने त्याला चापट मारली, पण लगेच तिचे डोळे मोठे झाले. "अगं, उकंडरावच्या मेहुण्याची हळद खरेदीची शेड हाय ना, सेनगाव रोडला! तिथं हळद घासायचा पॉलिशचा ढोल फिरतो. कपडे वाळत घातले तरी पिवळे होतेत!"

पुढच्या दहा मिनिटांत तीन सायकली सेनगाव रोडला लागल्या होत्या. ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं. शेडच्या मागे रिकाम्या पोत्यांचा ढीग होता. त्यावर चढून तिघांनी खिडकीच्या जाळीला नाक लावलं.

आत ढोल धडधड फिरत होता आणि सगळ्या शेडमध्ये पिवळा धुरळा उडत होता. मधोमध मोठा वजनकाटा आणि त्याच्या शेजारी टेबलावर एक काळा, जाड म्हातारा! आणखी दोन बाजूला पोत्यावर पडले होते. काट्यापासून निघालेली एक रुंद पिनांची वायर लॅपटॉपच्या मागे खोचलेली होती.

"शाळेचे उरलेले तिघं!" साक्षी पुटपुटली. "ती वायर बघा, काट्याचं वजन तिच्यातून लॅपटॉपवर येतं. हा काटा जुना हाय. असली वायर लावायची जागा नव्या लॅपटॉपला नसतीच. त्यांना म्हाताराच लागतो!"

तेवढ्यात आतला लॅपटॉप फट्कन बंद झाला. मेहुण्याने त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. "दाजी, हे बी गेलं बघा!"

"मारू नका ना त्याला!" साक्षीच्या तोंडून निघून गेलं.

"कोन हाय रे तिकडं?" उकंडरावांचा आवाज आला.

तिघांनी उड्या मारल्या. पुनम आणि साक्षी पायांवर पडल्या, रुद्र गुडघ्यावर. तो तसाच लंगडत सायकलवर चढला, आणि गोरेगावची वेस येईपर्यंत एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

साक्षी धापा टाकत दुकानात शिरली आणि तिने काकांना सगळं सांगून टाकलं. काका पेचकस पेटीत भरत होते. त्यांचा हात थांबला, पण क्षणभरच.

"आता तुमाला बघितलं ना त्यांनी? मंग उद्या संस्थेचे अध्यक्ष यायच्या आत ते लॅपटॉप पुसून कपाटात दिसतील. लेकराच्या बोलण्यावर कोन इश्वास ठेवील? जाऊ दे, साक्षी."

"पण काका, तुमी चूक न्हाई!"

"जाऊ दे म्हणलं ना."

साक्षी मागच्या खोलीत जाऊन बसली. उकंडराव खोटं बोलले याचं तिला एवढं वाईट वाटलं नव्हतं. पण ज्याच्यासाठी धडपडायचं तोच माणूस खाली मान घालून पेटी भरत होता. आपल्या बाजूने जगात कोणीच नाही असं तिला वाटलं आणि ती खूप रडली.

संध्याकाळी ती रुद्रचा गुडघा बघायला गेली. अंगणात त्याची आजी, द्वारकाबाई, वाटीत हळद आणि चुना कालवत होती. रुद्र गळा काढून बोंबलत होता. "आजी, भाजतंय गं! भाजतंय!"

"अजून लावलंबी न्हाई, मेल्या! मुका मार हाय, हळद-चुन्यानं उतरंल," आजी म्हणाली.

साक्षी वाटीकडे बघत राहिली. पिवळी हळद, पांढरा चुना, आणि त्यांचा लेप लालभडक! तिने डोळे पुसले.

"रुद्र, उद्या तुला लंगडत आडवाडीच्या शाळेत यायचंय," ती म्हणाली.

"लंगडणं मला सोडून कुणाला जमणार?" रुद्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष माणिकराव आडवाडीच्या शाळेत आले. ते सहा लॅपटॉप त्यांनीच कधीकाळी शाळेला दिले होते. लॅपटॉपांचं काम पुढे कोणाकडे द्यायचं ते आज ठरणार होतं. काका तिघा म्हाताऱ्यांना परत करायला निघाले, तेव्हा साक्षी, पुनम आणि लंगडणारा रुद्र न विचारताच भाड्याच्या जीपमध्ये मागे बसले.

उकंडरावांनी ऐटीत वर्गातलं कपाट उघडलं. आत बाकीचे तीन लॅपटॉप होते. ओल्या फडक्याने पुसून पुसून त्यांना आरशासारखं केलं होतं! काकांनी साक्षीकडे पाहिलं. बघ, मी म्हणालो नव्हतो का, असं ती नजर सांगत होती.

"बघा साहेब, कसं जपलंय आमी," उकंडराव म्हणाले. "ह्याचंच काम कच्चं. दुसरा माणूस बघा."

माणिकरावांनी काकांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

काकांनी पेटीची कडी लावून घेतली.  साक्षी पुढे झाली.

"साहेब, मला सांगायचंय. आमी ह्याच्यातला एक उघडून दाखवू का?"

"पोरीचं काय ऐकता साहेब!" उकंडराव हसले.

"उघडून बघायला काय हरकत आहे?" माणिकराव म्हणाले.

साक्षीने काकांसमोर हात पसरला. काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेटी उघडली आणि आपला स्वतःचा पेचकस तिच्या हातात ठेवला.

स्क्रू निघाले, झाकण निघालं, आणि पंख्याच्या जाळीतून कागदावर पिवळी भुकटी पडली.

"ही हळद हाय साहेब!" पुनम म्हणाली. "आमी काल हे लॅपटॉप ह्यांच्या मेहुण्याच्या खरेदीत बघितलेत!"

उकंडरावांचा चेहरा उतरला, पण माणूस तयारीचा. "हळद कसली? शाळा हाय ही! पिवळ्या खडूची भुकटी हाय ती. फळा पुसला की उडती."

माणिकराव विचारात पडले. फळ्याखाली खरोखरच पिवळ्या खडूचे तुकडे पडले होते. उकंडरावांना हायसं वाटलं. त्यांनी खिशातून तंबाखू काढली, चुन्याची डबी उघडली आणि मळायला घेतली.

"आई गं!" रुद्र एकदम खाली बसला. "गुडघा! मामा, जरा चुना द्या ना, लावायला!"

"घे की लेकरा," उकंडराव म्हणाले आणि त्यांनी डबी त्याच्यासमोर धरली.

रुद्रने डबी साक्षीला दिली. साक्षीने कागदावर दोन ढिगल्या केल्या. एक खडू चुरून, एक पंख्यातल्या भुकटीची. दोन्हींवर चुना टाकला, पाण्याचे थेंब सोडले आणि बोटाने कालवलं.

खडू पिवळाच राहिला. दुसरी ढिगली बघता बघता कुंकवासारखी लाल झाली!

 मग माणिकराव हळूच म्हणाले, "उकंडराव, खडू असा लाल होतो का हो?"

"न्हाई म्हणजे... साहेब... दिवाळीपासून नुसतेच पडून व्हते कपाटात," उकंडराव चाचरले. "हळदीचा हंगाम... मेहुण्याचा काटा जुना... म्हणलं, सुट्टीपुरते..."

"लेकरांच्या वस्तू! आणि वर दुसऱ्याच्या नावाला बट्टा? ज्या बाजारात तुम्ही यांना बोल लावला, त्याच बाजारात उभं राहून खरं सांगायचं. येत्या बाजारीच!" माणिकराव कडाडले. मग ते काकांकडे वळले. "धम्मानंद, माझी चूक झाली. मी आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं. हे काम तुमचंच. आणि शाळा उघडली की या तिघांना सगळ्या शाळेसमोर शाबासकी द्यायची बरं का. बाळ, तू लंगडत आलास, कमाल केलीस!"

"लंगडणं खरं व्हतं साहेब," रुद्र म्हणाला. "पण ओरडणं थोडं जास्तीचं."

उकंडरावांनी खरंच भर बाजारात, मान खाली घालून सगळं सांगितलं. दोन दिवसांनी रुद्र आणि पुनम मामाच्या गावाला गेले. जाताना पुनमने जीपमधून ओरडून सांगितलं, "आमी आल्याबरोबर तुझ्याकडं येणार! तवर दुसरं काय सापडलं तर उघडू नको, आमाला ठेव!" जीप दिसेनाशी झाली आणि साक्षीला एकदम रिकामं वाटलं.

ती दुकानात आली. काका सहा म्हाताऱ्यांपुढे बसले होते. तिने ब्रश घेतला आणि पिवळे पंखे झाडायला सुरुवात केली.  वसतिगृहाचं काय, हे विचारायचं तिला धाडस होईना.

"तुला काहून तिकडं धाडत होतो, ठाव हाय?" काका अचानक म्हणाले. "कामाचं तर व्हतंच. पण तू दिवसभर ह्या मशिनीत बसून राहती. ना मैत्रीण, ना बोलायला कोन. मला बोलणं येत न्हाई. म्हणलं, तिथं पोरी असतील. इथं तुला एकटं वाटत असंल."

साक्षीचा ब्रश थांबला.

"वाटतं," ती म्हणाली. "लई वाटतं. पण तुमी नसल्यावर त्याहून जास्त वाटंल."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी फोन उचलला.

"जयभीम सर. धम्मानंद बोलून राहिलो. ती जागा दुसऱ्या लेकराला द्या." त्यांनी पलीकडचं ऐकून घेतलं. "न्हाई सर, तकलीफ काय न्हाई. माझी पोरगी हाय ती, माझ्यापाशीच ऱ्हाईल."

'भावाची पोरगी' असं ते नेहमी म्हणत. आज नुसतं 'माझी' म्हणाले. साक्षीने मान आणखी खाली घातली आणि तो पंखा पुन्हा पुन्हा झाडत राहिली.