हांगोमाच्या ट्रॅक्टरवरची सात अक्षरं

ही खरी गोष्ट आहे. माझी स्वतःची आहे.

आणि ती रात्रीची नाही. मंगळवार, ऑक्टोबर महिना, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. वेळ मी वहीत लिहून ठेवली आहे, कारण मला तशी सवय आहे.

ठिकाण मोंझे गावाबाहेरचं, माझ्या मामाचं अंगण. मामा जुने ट्रॅक्टर घेतो, दुरुस्त करतो, विकतो. लुसाकाहून रसायनशास्त्र शिकून परत आले तेव्हा मला नोकरी नव्हती. मामा म्हणाला, "लुयांदो, स्टिकर काढ. एवढी वर्षं शिकलीस, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे."

ते काम वाटतं तेवढं सोपं नसतं. ट्रॅक्टरच्या बॉनेटला बाजूने प्लास्टिकची झाकणं असतात. त्यांवर थिनर किंवा पेट्रोल लावलं की प्लास्टिक पांढरं पडतं, मग ते कायमचं. म्हणून आधी ऊब द्यायची. कोपरा नखाने उचलायचा आणि अगदी सावकाश ओढायचं. मागे राहिलेल्या गोंदाला खायचं तेल लावायचं. पंधरा मिनिटांनी जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं. शेवटी साबणाचं पाणी.

त्या दिवशीचा ट्रॅक्टर म्हाताऱ्या हांगोमाचा होता. तो सात महिन्यांपूर्वी गेला. डाव्या झाकणावर त्याने स्वतःच्या हाताने नाव चिकटवलं होतं. लाल रंगाची, इंग्रजी लिपीतली सात अक्षरं.

ट्रॅक्टर आणला होता त्याच्या भाच्याने, ब्राइटनने. शुक्रवारी गिऱ्हाईक येणार होतं. "नाव दिसता कामा नये," एवढंच तो म्हणाला.

सकाळी फाटकाशी एस्नार्ट आजी आली. हांगोमाची बायको. मूलबाळ नाही.

"पोरी, रविवारपर्यंत ते नाव राहू दे."

"आजी, मला काम सांगितलंय ते मी करते."

"रविवारी घरची मोठी माणसं बसणार आहेत. आपल्यात मेलेल्याची वस्तू जो घेतो, त्यानं त्याचं नावही घ्यायचं, स्वतःला लावायचं असतं. जो नाव घेईल, त्यानं मला सांभाळायचं. ब्राइटन म्हणतो, मी काही घेतलंच नाही. नाव पुसलं, ट्रॅक्टर गेला, की मी काय दाखवू?"

"ते तुम्ही त्याच्याशी बोला."

"त्याच्याशी बोलले. तो फोनमध्ये बघत होता."

ती गेली. मी कामाला लागले. याची मला अजून लाज वाटते.

मामा कामगारांना घेऊन एका मयताला गेला होता. सकाळपासून वीज नव्हती. कॉम्प्रेसर बंद, वेल्डिंग बंद. अंगणात मी एकटी.

उन्हानेच झाकण तापलं होतं. सातही अक्षरं अखंड निघाली. ती मी एका काचेवर ओळीने चिकटवून ठेवली. झाकणावर नाव तसंच दिसत होतं, गडद. त्यात विशेष काही नाही. आजूबाजूच्या प्लास्टिकचा रंग उन्हाने उडाला होता, अक्षरांखालचा नव्हता. मी गोंदावर तेल लावलं आणि आंब्याखाली चिब्वांतू, मक्याचं आंबट-गोड पेय, प्यायला बसले.

आणि मग...

खर्र. खर्र.

ट्रॅक्टरच्या पलीकडून.

मला वाटलं कोंबडी असेल. उठून गेले. कोणी नव्हतं. आवाजही नव्हता.

परत येऊन बसले.

खर्र... खर्र... खर्र.

या वेळी मी हलले नाही. ऐकत राहिले. आवाज बारीक होता. मधून कडेकडे जाणारा, मग थांबणारा, मग पुन्हा मधून.

खरवडताना आपण कडेकडून आत येतो.

मधून कडेकडे अंगठा फिरतो तो चिकटवताना. खालची हवा काढायला.

कोणीतरी काढत नव्हतं. लावत होतं.

मी पलीकडे गेले. काचेवर सहा अक्षरं होती. उरलेलं एक, नावातलं पहिलं, झाकणावर होतं. आपल्या जागी. सरळ. एकही बुडबुडा नाही.

तेल लावलेल्या जागेवर स्टिकर चिकटत नाही. हे मी कोणासमोरही सांगायला तयार आहे. मी नखाने कोपरा उचलून पाहिला. नख तुटलं.

उरलेली सहा अक्षरं काचेसकट उचलली आणि थेट आजीच्या घरी गेले. सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. फक्त विचारलं, "घाईत होता, की सावकाश?"

"सावकाश."

"तोच." तिने काचेवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "सात महिने मी दोन ताटं न्शिमा वाढते. दार उघडं ठेवते. माझ्याकडे एकदाही आला नाही. आणि तुझ्याकडे, परक्या पोरीकडे, भर दुपारी आला."

काच मी तिच्यापाशीच ठेवली आणि निघाले.

बुधवारी ती आली. झाकणाला हात लावून स्टुलावर बसली, ऊन उतरेपर्यंत. एकदाच बोलली, हलक्या आवाजात. "मी आहे इथं."

आवाज आला नाही. पान हललं नाही.

"कंटाळला असेल माझ्याशी बोलून," ती म्हणाली आणि उठली. मी फाटकापर्यंत सोडायला गेले. तिची पाठ वळणावर दिसेनाशी झाली.

आणि मग माझ्या मागे...

खर्र.

मी तिला हाक मारायला हवी होती. मी फाटक लावून घेतलं.

गुरुवारी मामा परतला. त्याने ते एक अक्षर पाहिलं, उचकटून पाहिलं, मग ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकली. "ब्राइटनला सांग, वीज नव्हती म्हणून काम झालं नाही, गिऱ्हाईकाला पुढच्या आठवड्यात बोलाव. निदान अर्धं तरी खरं आहे."

रविवारी हांगोमाच्या घरची मोठी माणसं आमच्या अंगणातच आली. ताडपत्री काढली. एक लाल अक्षर आणि सहा गडद सावल्या. नाव वाचता येत होतं. आणि ट्रॅक्टर आणून सोडला होता ब्राइटननेच. त्याला नाव घ्यावं लागलं. आता तो आजीच्या घरी धान्य पोचवतो, छप्परही नीट करून दिलं. ती त्याला नवऱ्याच्या नावाने हाक मारते.

ट्रॅक्टर त्याच्या शेतात आहे. आमच्या अंगणात आता हांगोमाची एकही वस्तू नाही.

तरी वीज गेली, कॉम्प्रेसर थांबला, मी एकटी असले, की कोणत्या तरी झाकणावर अंगठा फिरतो. मधून कडेकडे. सावकाश. का, ते मला माहीत नाही.

आजी बाजारात भेटली की दरवेळी एकच विचारते. "पुन्हा आला होता का गं?"

मी नाही म्हणते.