हुफूफच्या बागेतलं खारं पाणी

सौदीतल्या हुफूफजवळच्या त्या पिढीजात बागेत खजुराची झाडं उभ्या उभ्या मरत होती. मुळांशी खारं पाणी साचलेलं. फाटकाशी पोलिसांची गाडी थांबली, तसा राखणदार मुनाफचा चेहरा पांढराफटक पडला.

मुनाफच्या गाववाल्यांनी रियाधहून खासगी तपासनीस आसावरीला बोलावलं होतं. जगदीश तिचा मदतनीस.

"इथे याच्याशिवाय राहतं कोण?" बागमालक अबू सालेह गुरकावले. त्यांची बोटं खजुराच्या झावळीच्या तंतूंची दोरी वळत होती. "बाहेरच्या निचऱ्याच्या चरातलं खारं पाणी यानेच आत घेतलं. आमच्या वाडवडिलांनी बागेतला थेंब कधी बाहेर जाऊ दिला नाही!"

"ताई, मी रायगडच्या खारजमिनीतला," मुनाफ कळवळून म्हणाला. "खारं पाणी आत घेईन मी?"

कॅनडाचा इंजिनिअर लिओ लाल समुद्राकाठच्या यान्बूतल्या कामावरून नुकताच परतला होता. "बाग आणि चर यांच्यामधल्या बांधातल्या नळाला झडप मीच बसवली, बोल्टने. आम्ही अकेडियन, कॅनडाच्या किनाऱ्यावरचे फ्रेंच वंशाचे. आमच्या पूर्वजांनी अशाच झडपांनी समुद्र थोपवून शेती केली. गोडं पाणी बाहेर जातं, खारं आत येत नाही."

आसावरी बांधाखाली उतरली. झडप नळाच्या बागेकडच्या तोंडावर होती, तंतूंच्या दोरीने घट्ट टांगलेली.

"मिटलेली आहे की!" जगदीश म्हणाला. "म्हणजे मुनाफने हाताने उघडली."

"डोकं रियाधला विसरलास का? ही आतल्या बाजूला आहे. चर भरला की खारं पाणी तिला ढकलून आत शिरतं. चर ओसरला की ती मिटते आणि ते आतच कोंडतं. उघडायला माणूस लागतच नाही."

"मग ती काढून आतल्या बाजूला बांधली कोणी?"

"लिओ आणि मुनाफ, दोघंही समुद्राशी झगडणाऱ्या गावांतले. ते झडप चराकडेच लावणार. नासधूसच करायची तर कोणीही ती उपटून फेकली असती. ही जपून बांधलीय, पाणी आत राखायला. बागेतलं पाणी वाहून जाताना ज्याला बघवलं नाही, असा माणूस इथे एकच आहे. आणि दोरी अजून त्याच्या हातात आहे."

अबू सालेहांची बोटं थांबली. जगदीशला त्यांच्याकडे बघवेना.

"झाडं पिवळी पडली तेव्हाच कळलं मला," ते पुटपुटले. "पण बापजाद्यांची बाग माझ्या हातून मेली, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

मुनाफ त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझ्या हातून मेली, हे सांगायला तोंड होतं, शेखसाहेब?"