दाराआड बसले मी

ग्लेन, तो लाइट बंदच राहू दे. क्रिस्टी, तूही बस. ही डग्लसची गोष्ट. ऐकलेली नाही, मी त्यात होतो.

डग्लस माझ्याच वसईचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. इथे आखातात एका हॉस्पिटलच्या ऑफिसात होता. दोन हजार तेवीसचा चौदा डिसेंबर, गुरुवार. ऑफिस सुटल्यावर तो गाडी घेऊन उम्म सलाल मोहम्मद या भागात गेला. गावाहून आलेल्या एकाने त्याच्या पुस्तकांचा खोका आणला होता, तो घ्यायला. कवितांचं पुस्तक. दुसऱ्याच दिवशी आपल्या मंडळात प्रकाशन होतं. कव्हरवर डग्लसचं नाव.

कविता त्याच्या नव्हत्या. त्याच्या खापरपणजोबांची बहीण इनासबाय, तिच्या होत्या. दीडशे वर्षांपूर्वीची बाई. एकोणिसाव्या वर्षी तिला देवी आल्या, चेहरा गेला. तिने खोलीचं दार लावून घेतलं ते एकतीस वर्षं. जेवण उंबऱ्यावर ठेवायचं. बोलायचं ते दाराआडून. भाऊ मास्तर, त्याने लहानपणी अक्षरं शिकवली होती. तेवढ्यावर तिने एक वही भरली. जुनं घर पाडताना ती डग्लसच्या हाती लागली.

मला हे सगळं ठाऊक होतं. टायपिंग मीच केलं. तिचं 'बसले' असेल तिथे 'बसलो'. 'रडले' तिथे 'रडलो'. तो सांगत गेला, मी बदलत गेलो. दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईचं कोण विचारायला येणार, असं मीच त्याला म्हणालो होतो.

साडेसातला तो अल अझीझियाच्या फ्लॅटवर पोचला. बायको ड्यूटीवर. त्याने मला फोन लावला, म्हणाला, उद्या वाचायची ती जरा ऐक. मी इथेच, अल मुंतझात, चहा घेत होतो. फोन स्पीकरवर टाकला.

त्याने सुरुवात केली. "दाराआड बसलो मी, ऊन उंबऱ्यात थांबलं..."

"बसले."

बाईचा आवाज. हळू. मुलाची चूक सुधारावी तसा.

डग्लस थांबला. मग म्हणाला, स्टोअररूममधून आला.

त्याने पुन्हा वाचलं. का वाचलं, देव जाणे. "दाराआड बसलो मी..."

"बसले."

तो उठला. चपलांचा आवाज आला. मग हँडलचा. एकदा... दोनदा... दार उघडेना. आतून धरलंय, म्हणाला. ओढत नाही कोणी. नुसतं धरलंय.

मग अगदी कुजबुजला. "दादा, तू ऐकलंस ना?"

मी ऐकलं होतं. दोन्ही वेळा.

"नाही," मी म्हणालो. "मला काही ऐकू आलं नाही."

फोनवर श्वास येत होता... त्याच्या एकट्याचा नव्हता...

मी फोन ठेवला. त्याला तिथे तसाच सोडून, मी फोन ठेवला.

शुक्रवारी डग्लसने खोका फोडलाच नाही. माइकवर उभं राहून सगळं सांगितलं, कविता कोणाच्या, आपण काय केलं, आणि तो आवाजसुद्धा. मागे कोणीतरी हसलं. अध्यक्ष माझ्याकडे वळले. फोनवर तुम्ही होता ना, म्हणाले.

मी म्हटलं, डग्लस फार थकलाय.

टायपिंग कोणी केलं, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. लोक आधी त्याला चोर म्हणाले, मग वेडा. मार्चमध्ये नवरा-बायको कायमची गावी गेली. आज पहिल्यांदा हे कोणाला तरी सांगतोय. त्याला अजून फोन केलेला नाही.

त्यांचं सामान काढायला मात्र मी गेलो होतो. स्टोअररूमचं दार सहज उघडलं. आत काहीच नव्हतं. फक्त समोरच्या भिंतीवर, खाली बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, खोबरेल तेलाचा डाग. काळपट, खोल मुरलेला. वर्षानुवर्षं कोणी टेकून बसावं, तेव्हा पडतो तसा.

ती बिल्डिंग उभी राहून वर्षही झालं नव्हतं.