अकराव्या प्रश्नाखालची खूण

बॉलपेनने दाबून लिहिलं की दाब खालच्या कागदावर उतरतो. आमच्या फॉर्मच्या पॅडमध्ये तो दुसऱ्या कागदावर बोटाला लागतो, तिसऱ्यावर तिरप्या उजेडातच दिसतो, आणि चौथा कागद कोरा असतो. त्या बुधवारी चौथ्या कागदावर अकराव्या प्रश्नाखाली एक खूण होती. चौकटीतली ‘बरोबर’ची खूण, शाई नसलेली, अकरा मिलिमीटर लांब. तिसऱ्या कागदावर ती पुसट होती. चौथ्यावर ठळक. पाचव्यावर त्याहून खोल.

खाली जाताना दाब कमी व्हायला हवा. इथे तो वाढत होता.

मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं, पेडण्याला शाळेच्या प्रयोगशाळेत चार वर्षं काम केलं आणि लग्न होऊन मयेला आले. आता डिचोलीत, बसस्टँडजवळच्या एका बेकरीच्या वर, सुविधा मॅडमच्या क्लिनिकमध्ये बाहेरच्या मेजावर बसते. मॅडम मानसशास्त्रज्ञ आहेत. नवीन येणाऱ्यांना वेळ देणं, फॉर्म भरून घेणं आणि त्यांच्या शंकांना उत्तरं देणं हे माझं काम.

माझा नवरा देवेश मला मारतो. त्याचे खाणीवर तीन ट्रक आहेत, गावात मान आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे ते शोधत कोणी बसू नये. मॅडमना मी ते सांगितलं नव्हतं.

फोनवर लोक जवळजवळ तेच विचारतात. त्या बुधवारी नार्व्याहून गोकुळदास नावाच्या गृहस्थांचा फोन होता.

“बाई, थंय शॉक देतात काय?”

“नाही.”

“मगे पन्नास मिनटां करतात काय?”

“बोलतात.”

“बोलूक घरात बायल आसा.”

“मग त्यांनाही घेऊन या. त्या बाहेर बसतील. आत तुम्ही एकटेच जायचं.”

ते म्हणाले, “तां बरां.” आणि वेळ घेतली.

नवीन येणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक आहे, तेही मीच लिहिलं. दहा मिनिटं आधी यावं. उपाशीपोटी येऊ नये. येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवावं. आत जे बोलाल ते आतच राहील. फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल तर मॅडमना ते बाहेर सांगावं लागेल. आणि शेवटी: कौल घ्यायचा असल्यास वेळ ठरवण्याआधी घ्यावा.

ही शेवटची ओळ वाचून शहरातले लोक हसतात. पण आमच्याकडे मोठं काही करायचं तर आधी देवीला विचारतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लोक आमच्याकडे वेळ घ्यायचे, मग कौल लावायचे, आणि डावी पडली की फिरकायचे नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मीही एका कौलावर थांबले होते. पिशवी भरली होती, माहेरी जायला निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, आधी देवीक विचारूया. देवळात त्या गुरवाच्या कानाशी लागल्या. गुरव हळू आवाजात बोलला; मी खांबापाशी उभी होते, प्रश्न ऐकू आला नाही. डावी पाकळी पडली. “जावपाचें ना गो,” सासूबाई म्हणाल्या. ओली पाकळी कशी चिकटते आणि वाऱ्याने कशी सुटते, हे मला शिकवलेलं होतं. तरी घरी येऊन मी पिशवी रिकामी केली.

गुरुवारी मी पॅड उजेडात धरलं. फॉर्मवर बारा प्रश्न आहेत. वर लिहिलेलं असतं: ‘फॉर्म भरणारी व्यक्ती’ आणि त्यापुढे दोन चौकटी, ‘स्वतः’ आणि ‘नातेवाईक’. अकरावा प्रश्न: घरात कोणाची भीती वाटते का? बारावा: वाटत असेल, तर शेवटचं काय घडलं? वार, जागा, इजा. सहाव्या कागदावर बाराव्या प्रश्नाखालीही चरे दिसत होते. मी पेन्सिल आडवी धरून हलकी फिरवली. काळ्यात पांढरी अक्षरं वर आली.

शुक्रवार. पुढचं दार. डावं मनगट.

अक्षर माझं होतं. मी ‘र’ची शेपटी लांब ओढते, शाळेपासूनची सवय. वर ‘स्वतः’च्या चौकटीत खूण होती.

मी ते लिहिलं नव्हतं. पॅडवर कागद ठेवून इतर काही लिहिलं असेल, ही शक्यता तपासली. कपाटातलं नवं, प्लास्टिकमध्ये बंद असलेलं पॅड फोडलं. त्याच्या सहाव्या कागदावर तीच तीन वाक्यं होती, त्याच जागी.

शुक्रवारी मी सावध होते. बस उशिरा आली. देवेश दारात उभा होता.

“बस चुकली?”

“हो.”

“दर शुक्रवारी चुकता?”

मी डावा हात पदरात धरला होता. एका पायाची चप्पल काढताना तोल गेला आणि तोच हात आधाराला दाराच्या चौकटीवर गेला. आमचं दार फणसाच्या लाकडाचं, दोन बोटं जाड. त्याने ते आपटलं नाही. खांदा लावून हळूहळू रेटलं, भरलेल्या पेटीचं झाकण रेटावं तसं. आधी मला दाब कळला, मग आवाज ऐकू आला. ओला फाटा मोडताना होतो तसा. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी ओरडले नाही, म्हणून त्याने आणखी एकदा रेटलं.

शनिवारी मी पट्टी बांधून कामावर आले.

“काय झालं संजना?” मॅडमनी विचारलं.

“दारात सापडलं.”

“दार कोणी लावलं?”

फोन वाजला. मी तो उचलला आणि पेडण्याच्या एका बाईंना माहितीपत्रक वाचून दाखवलं. ‘जिवाला धोका’ या शब्दांवर आले तेव्हा मॅडम अजून दारात उभ्या होत्या. मग त्यांचा अकराचा माणूस आला.

दुपारी मी सातव्या कागदावर पेन्सिल फिरवली.

रविवार. रांदचीकूड. झारा. पाठ, चार वेळा.

रांदचीकूड म्हणजे स्वयंपाकघर. हा शब्द मी घरी वापरते, फॉर्मवर कधीच लिहिला नसता.

घरात लोखंडी झारा एकच होता. रविवारी पहाटे उठून मी तो मागच्या पडवीत, कांद्याच्या टोपलीखाली लपवला. एक कारण काढून घेतलं की परिणाम घडत नाही, असा माझा हिशेब होता.

दुपारी सासूबाई बांगडे तळायला बसल्या. तेल तापलं होतं.

“झारो खंय गेलो?”

मी म्हटलं, माहीत नाही.

त्यांनी फळ्या पाहिल्या, मोरी पाहिली, मग पडवीत गेल्या. परत आल्या तेव्हा झाऱ्याला कांद्याची सालं चिकटली होती. “टोपलेपोंदा कोणे दवरलो हो?” त्या कोणाला उद्देशून बोलल्या नाहीत, पण बाहेर देवेशला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलल्या.

तो आत आला. “माझ्या घरातल्या वस्तू लिपयता?” त्याने आईच्या हातून झारा घेतला, तापलेल्या तेलात बुडवून ठेवला आणि थांबला. घाई केली नाही. मग मला भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. पहिल्या फटक्याला ब्लाउज पाठीला चिकटला. दुसऱ्याला कातडीसकट सुटला. मी मोजत होते. चौथ्यानंतर त्याने झारा परत कढईवर ठेवला आणि आईला म्हणाला, “करपता बघ.”

सासूबाईंनी बांगडे उलटले.

संध्याकाळी त्याच माझ्या पाठीला खोबरेल लावत होत्या. त्यांचा हात हलका आहे. देवेश लहान असताना त्यांचीही पाठ अशीच असायची, असं शेजारच्या सुमनने मला एकदा सांगितलं होतं.

“हालूं नाका,” त्या म्हणाल्या.

“आई, त्या वेळी देवीला काय विचारलं होतं?”

“खंयच्या वेळार?”

“मी माहेरी जायला निघाले होते तेव्हा.”

त्या बोटाने तेल पसरत राहिल्या. “घराचें विचारिल्लें. हिका कितेंय जालें तर आमच्या घराक बोल लागतलो काय, म्हणून.”

“आणि डावी पडली.”

“डावी पडली. म्हणजे ना. बोल लागचो ना.” त्यांनी बाटलीचं बूच लावलं. “देवी फट उलयना.”

देवी खोटं बोलत नाही: मला काही झालं, तरी घराला दोष लागणार नव्हता. तीन वर्षं मी एका उत्तराप्रमाणे वागले होते. प्रश्न माझा नव्हता.

सोमवारी मी क्लिनिकला लवकर पोहोचले. खाली बेकरीत उंडे पाव भाजत होते, खिडकीच्या कठड्यावर खाणीची तांबडी धूळ बसली होती. मी ती पुसली आणि मग पॅड काढलं. आठवा कागद कोरा होता. नववा, दहावा, पंधरावा, सगळे गुळगुळीत. मी प्रत्येकावर बोट फिरवत गेले.

पन्नासावा, शेवटचा कागद पेन्सिलीची वाट बघत नव्हता. खुणा एवढ्या खोल होत्या की खालचा पुठ्ठा चिरला होता.

मंगळवार. सकाळ. न्हाणी. डोकं. पाय घसरला.

अक्षर डावीकडे कललेलं होतं. ट्रकच्या खेपांच्या वहीत देवेशचं अक्षर असं असतं.

अकराव्या प्रश्नाखाली काहीच नव्हतं. आणि वर, ‘फॉर्म भरणारी व्यक्ती’ पुढे, खूण ‘नातेवाईक’च्या चौकटीत होती.

नवं पॅड काढलं. त्याचाही शेवटचा कागद तसाच.

मी दिवसभराच्या सगळ्या वेळा दिल्या. गोकुळदास आले, त्यांची बायको बाहेर बसली आणि पन्नास मिनिटं तिने दाराकडे पाठ केली नाही. पाचला मी घरी गेले. झारा लपवून काय झालं होतं ते मला माहीत होतं. म्हणून काही लपवलं नाही, न्हाणीच्या दाराची कडी उखडली नाही, आतला साबण उचलला नाही.

मंगळवारी साडेसहाला देवेशने चुलीवरच्या हंड्यातून न्हाणीत बाल्दी भरून ठेवली. त्याने माझ्यासाठी कधी पाणी काढलं नव्हतं.

“न्हा,” तो म्हणाला. “आज आपण खंय तरी जाऊया.”

“परसातून टॉवेल आणते.”

परसाच्या दाराने मी बाहेर पडले. दोरीवर टॉवेल होता. मी तो घेतला नाही. दगडी गडग्याच्या खिंडीतून रस्त्यावर आले. मागून न्हाणीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बाल्दी उपडी झाल्याचा. मग काहीतरी जड फरशीवर आपटल्याचा.

मी वळले नाही. बस मिळाली.

क्लिनिकच्या जिन्यावर मी पावणेदहापर्यंत बसले. मॅडम आल्या, मला बघून थांबल्या.

“आज पहिला कोण आहे?”

“पहिली मी आहे, मॅडम. नवीन आहे.”

त्यांनी कुलूप उघडलं. मेजाच्या पलीकडे, माझ्या खुर्चीवर, त्या बसल्या आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

“तू माझ्याकडे काम करतेस. म्हणून पुढची सत्रं म्हापशाला दुसऱ्या मॅडमकडे करू. आजचं इथे कर.”

‘स्वतः’च्या चौकटीत पेन टेकवलं. टोक आपोआप घसरत गेलं, आधीच पडलेल्या चरीत. अकराव्या प्रश्नाखालीही तसंच. शाई फक्त भरायची होती.

‘नातेवाईक’च्या चौकटीतली चरीही होती. मी तिच्यावर अंगठा ठेवला.

खाली रस्त्यावर ट्रक थांबला. हॉर्न ओळखीचा होता. एकदा, मग लांब.

मॅडमनी आतून कडी घातली.

“जिवाला धोका असेल तर मला बाहेर सांगावं लागतं. ते वाक्य तूच लिहिलं आहेस. पोलिसांना फोन करते.”

मी मान हलवली.

त्यांनी फोन लावून क्लिनिकचा पत्ता सांगितला, आणि तो ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“संजना, सकाळी न्हाऊन आलीस?”

“नाही.”

“केस ओले आहेत तुझे. मागून.”

मी हात मागे नेला. केस मुळापासून भिजलेले होते, कोमट. वेणीच्या टोकातून खुर्चीखाली थेंब पडत होते, आणि फरशीवर त्यांचं लहानसं तळं साचलं होतं. हात पुढे आणून पाहिला. रक्त नव्हतं, नुसतं पाणी होतं. साबणाचा वास येत होता.

जिन्यावर पावलं वाजली.

“एवढंच सांग,” मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. “तो दारात आला तर मी काय सांगू?”

तीन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. उत्तर आलं ते माझ्या माहेरच्या बोलीत, मोठ्याने, दारापलीकडे ऐकू जाईल असं.

“त्येका सांगा, मी परत त्या घराक जावचंय नाय.”